मेंदूचा एमआरआय काढू का?

बाई आल्या त्या हातात फाईल घेऊनच. वय 42. सोलापुरात घरीच शाळेच्या युनिफॉर्मचं शिवणकाम, चार मशीन, आणि एप्रिल ते जून श्वास घ्यायला उसंत नाही. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

"मॅडम, माझं डोकं चालंना झालंय बघा. मेंदूचा एमआरआय काढू का?"

झालं होतं असं. कापडावर खडूने खुणा करताना गिऱ्हाईकाचा फोन आला. बोलून परत बसल्या आणि 32 नंबरचे शर्ट 28 च्या मापाने कापले गेले. सगळं कापड वाया. त्याच संध्याकाळी मुलगा वहीसाठी पैसे मागायला आला, तर त्याच्यावर वसकन ओरडल्या. "ओरडू नये हे कळत होतं हो, पण तोंडातून गेलंच." आईला उतारवयात स्मृतिभ्रंश झाला होता. खरी भीती तिथली होती.

मी कागद आणि घड्याळ पुढे केलं. आधी 1 ते 12 आकडे, मग क ते ठ अक्षरं सलग लिहायची. दोन्ही मिळून 20 सेकंद. मग एकाआड एक: 1-क, 2-ख, 3-ग. लागले 38 सेकंद आणि 'झ'पाशी अडखळल्या. चेहरा पडला. मग तोच कागद मी घेतला. माझाही वेळ दीडपट झाला, तेव्हा कुठे त्या खुर्चीला टेकून बसल्या.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आर्थर जेर्सिल्ड यांनी 1927 मध्येच हे मोजलं होतं: काम आलटूनपालटून केलं की निरोगी माणसालाही जास्त वेळ लागतो. 1995 मध्ये रॉजर्स आणि मॉन्सेल यांना दिसलं की तयारीला पुरेसा वेळ दिला तरी थोडा उशीर उरतोच. कपाळामागच्या भागाला जुना नियम बाजूला ठेवून नवा उचलावा लागतो, आणि जुना लगेच सोडत नाही.

बाई पटकन म्हणाल्या, "म्हणजे मागाचा बीम बदलल्यासारखं." त्यांचे वडील चादरीच्या कारखान्यात होते. बीम म्हणजे ताण्याचे, उभे धागे गुंडाळलेला रूळ; तो बदलला की एकेक धागा नव्याने जोडून होईपर्यंत माग बंदच असतो. मी इतकी वर्षं हे समजावतेय, पण इतकं नेमकं मला सुचलं नव्हतं.

थांबण्याचं काम वेगळं. निघालेली कृती रोखताना उजव्या कपाळामागचा खालचा भाग आणि मेंदूच्या खोल भागातलं सबथॅलॅमिक न्यूक्लियस हे लहानसं केंद्र कामाला लागतात. प्रयोगात बटण दाबता दाबता थांबायला तरुण माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. कृती तेवढी पुढे गेली असेल तर ब्रेक पोचतच नाही. बटण आणि लेकरावर ओरडणं एक नव्हे. रागात बरंच काही मिसळलेलं असतं. तरीही 'कळत होतं पण गेलंच' हे वाक्य मला खोटं वाटत नाही. शिवाय त्या रोज जेमतेम पाच तास झोपत होत्या, आणि अपुऱ्या झोपेत हा ब्रेक आणखी ढिला पडतो.

एमआरआयचं सांगते. मेंदू उजळलेली रंगीत चित्रं मोबाईलवर फिरतात, ती वेगळ्या तपासणीची. काम करताना रक्तातल्या ऑक्सिजनमध्ये होणारे बदल त्यात टिपतात, आणि बहुतेकदा ती अनेक माणसांची सरासरी असते. 32 चे 28 का झाले, हे कुठलंच चित्र सांगणार नाही. आईचा इतिहास होता म्हणून मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलंच. थायरॉइड, बी-12 तपासलं, ठीक निघालं. रोजची वाट चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, पैशांचे साधे व्यवहार नव्याने चुकायला लागणं, यातलं काही असतं तर मी एक दिवसही थांबले नसते.

ठरवलं ते इतकंच: कापायच्या दोन तासांत फोन मुलाकडे. उठावं लागलंच तर आधी कापडावर खडूने माप लिहायचं, आणि परत आल्यावर कात्री लावण्यापूर्वी ते मोठ्याने वाचायचं. रात्री अकरानंतर मशीन बंद. हे शेवटचं त्यांना सर्वांत जड गेलं.

दीड महिन्याने आल्या. मध्ये एकदा बाह्या उलट्या जोडल्या गेल्या होत्या, पण कापड वाया गेलं नव्हतं. फाईल आणली नव्हती. ओरडणं अजून होतं, म्हणाल्या. पुढच्या गुरुवारी मुलालाही सोबत आणणार आहेत.