सहल न काढता डोंगरी राष्ट्रीय उद्यानांवर वर्गात खरा संशोधन प्रकल्प कसा घ्यावा?

तुमचा प्रश्न असा आहे: आठवीच्या मुलांना डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानांवर प्रकल्प द्यायचाय, सहलीला पैसे नाहीत, आणि दरवर्षी मुलं नेटवरचे वाघ-हत्ती छापून वहीत चिकटवून आणतात. यातून संशोधन कसं करून घ्यायचं?

मी वारणेच्या खोऱ्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. पाच वर्षं हा प्रकल्प घेतोय. पहिली दोन वर्षं माझ्याकडेही चिकटकामच झालं. तिसऱ्या वर्षी मी एकच गोष्ट बदलली. प्रत्येक गटाला उद्यानाच्या नावासोबत त्याची सीमा दाखवणारा नकाशा दिला आणि तीन प्रश्न विचारले: ही रेघ इथंच का आहे? ती कुणी ओढली? त्याआधी रेघेच्या आत काय चालायचं?

'केरळातल्या एरविकुलमची माहिती लिहा' म्हटलं की क्षेत्रफळ 97 चौरस किलोमीटर, त्यातलं अनैमुडी शिखर 2695 मीटर, प्राणी निलगिरी ताहर (डोंगरी रानशेळी), एवढं लिहून मुलं मोकळी होतात. सीमेबद्दल विचारलं की त्यांना जुनी पानं उलटावी लागतात. मग कळतं की हा गवताळ डोंगरमाथा एकेकाळी चहाच्या कंपनीच्या ताब्यात होता आणि मळ्यांवरच्या साहेबांनी तो शिकारीसाठी राखून ठेवला होता. 1975 मध्ये अभयारण्य झालं, 1978 मध्ये राष्ट्रीय उद्यान. आमच्या एका मुलीनं विचारलं, "सर, शिकार करायला जागा राखली म्हणून ताहर वाचला का?" मी उत्तर दिलं नाही. ती आठवडाभर त्या प्रश्नामागे होती आणि शेवटी लिहून आणलं, की जागा राखली म्हणून तिथं मळे लागले नाहीत, पण शिकार थांबली नसती तर ताहरही उरला नसता. तेरा वर्षांच्या मुलीचं हे वाक्य मी अजून जपून ठेवलंय.

उद्यानं मोजकीच घ्या. सुरुवातीला मी पंधरा दिली होती, ती चूक होती. आता चारच देतो: एरविकुलम, उत्तराखंडातलं फुलांच्या घाटीचं उद्यान, सिक्कीममधलं कांचनजंगा आणि आपलं सह्याद्रीतलं चांदोली. चौथं तुमच्या जवळचं निवडा. विदर्भात असाल तर मेळघाटातलं गुगामल घ्या, मुंबईत असाल तर बोरिवलीचं.

पहिला आठवडा नकाशाचा. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, पुस्तकात वाचून मुलांच्या डोक्यात शिरत नाहीत. जुन्या खोक्यांचा पुठ्ठा आणा, एकेक समोच्च रेषा त्यावर गिरवून कापा आणि थर एकावर एक चिकटवा. चांदोलीचा डोंगर पुठ्ठ्यात उभा राहिला की वर सपाट सडा आणि कडेला तुटलेला कडा का, हे बोटांना कळतं. सडा हा शब्द आमच्या पोरांना घरातूनच माहीत असतो. जांभ्याचं ते उघडं पठार पावसाळ्यात फुलतं आणि उन्हाळ्यात तव्यासारखं तापतं. त्यानंतर उंचीचं गणित घालतो: हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. चांदोलीचे डोंगर हजार मीटरच्या आसपास, फुलांची घाटी साडेतीन हजारांच्या आसपास. मुलं फरक काढतात, सोळा अंश येतो. लगेच कुणीतरी म्हणतं, "पण सर, ती घाटी उत्तरेला किती लांब आहे!" अक्षांश शिकवायला याहून चांगली वेळ मिळत नाही.

फुलांच्या घाटीवर थोडं जास्त थांबा, कारण तिथं मुलांना दोन बाजू दिसतात. 1931 मध्ये कामेट शिखरावरून परतणारे गिर्यारोहक फ्रँक स्माइद त्या दरीत उतरले आणि तिचं नाव जगभर झालं. मेंढपाळ मात्र कितीतरी आधीपासून तिथं जात होते. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई बंद झाली. पुढे पॉलिगोनम नावाची उंच वाढणारी वनस्पती दरीत पसरली, इतकी की वनखात्याला ती उपटावी लागते. काहींचं म्हणणं, मेंढ्या चरायच्या तेव्हा ती ताब्यात होती. काहींचं म्हणणं, चराईनं मोडलेल्या जमिनीवरच ती फोफावली. दोन गट करून वाद घाला, पण एक अट ठेवा: प्रत्येकानं समोरच्या गटाचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी स्वतः मांडायचा. माझ्या वर्गात ही अट नसताना नुसता आरडाओरडा झाला होता.

कायद्यातला फरकही इथंच सांगून टाका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात गुरं चारता येत नाहीत, अभयारण्यात परवानगीनं काही प्रमाणात चालतं. मुलं हे दोन शब्द एकच समजतात.

कांचनजंगा वर्गात झटपट होतं, पण त्यातली एक गोष्ट सांगायला विसरू नका. 1955 मध्ये ब्राउन आणि बँड हे दोन ब्रिटिश गिर्यारोहक पहिल्यांदा 8586 मीटरच्या कांचनजंगा शिखरापर्यंत पोचले आणि माथ्यावर पाय न ठेवता काही पावलं आधीच थांबले, कारण सिक्कीमच्या लोकांसाठी तो डोंगर पवित्र आहे. आमच्या पोरांनी लगेच गावच्या देवराईची आठवण काढली. तिथली काडीही कुणी उचलत नाही. 2016 मध्ये हे उद्यान जागतिक वारसा झालं, तेही निसर्ग आणि संस्कृती या दोन्हींसाठी. ते कशामुळे, हे मग मला समजावून सांगावं लागलं नाही.

आता चांदोली. याबद्दल मी मोकळेपणानं लिहितो, कारण माझ्या वर्गात दरवर्षी तीन-चार मुलं तरी अशी असतात ज्यांचे आजी-आजोबा त्या रेघेच्या आत राहत होते. 1985 मध्ये अभयारण्य, 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान, पुढे कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात समावेश. कागदावर ही चढती कमान आहे. आमच्याकडे तिला दुसरं नाव आहे: गाव उठलं. धरणग्रस्त आणि अभयारण्यग्रस्त हे आमच्याकडचे रोजचे शब्द आहेत.

गेल्या वर्षी एका मुलानं आजीला शाळेत आणलं. वर्गाच्या फरशीवर तिनं खडूनं आपलं जुनं गाव काढलं. इथं देऊळ, इथं आड, इथं आंब्याचं झाड, इथून पाणंद वर सड्याकडे. मुलांनी तोच भाग उपग्रहचित्रात शोधला. घरं नव्हती, चौकोनी बांधांच्या पुसट खुणा होत्या आणि सगळीकडे गवत. एकानं वाचलेलं सांगितलं, की उठलेल्या गावांच्या शेतांत आता गवत आहे आणि त्यावर गवे चरतात. आजी म्हणाली, "आमच्या वावरात गवं चरत्यात व्हय? खाऊ द्यात. आमी नाचणी लावली तवाबी येत हुतं, तवा मातुर हाकलायचो." वर्ग गप्प झाला. त्या दिवशी एकाही मुलाला वहीत चित्र चिकटवावंसं वाटलं नाही.

अशी मुलाखत घेणार असाल तर आधी घरी जाऊन परवानगी घ्या. मोबाइल समोर धरू नका, मुलांना ऐकून लिहू द्या. मोबदला, जमिनीचे वाद, कोर्टकचेरी हे विषय मुलांनी आपणहून काढायचे नाहीत. त्या माणसानं काढले तर ऐकायचं. लिहून झालं की त्यांना वाचून दाखवायचं आणि नको म्हणतील ते खोडायचं. प्रदर्शनात नाव टाकायचं की नाही हेही त्यांनीच ठरवायचं. या बाबतीत मी अजिबात सूट देत नाही.

गुणांचं विचाराल तर मी वीसपैकी आठ गुण प्रश्नाला देतो: सुरुवातीचा प्रश्न काय होता आणि शेवटी तो कसा बदलला. पाच गुण एका मूळ साधनाला, म्हणजे अधिसूचना, जुना नकाशा, उपग्रहचित्र किंवा मुलाखत. उरलेले मांडणीला. छापील चित्रांना शून्य, आणि हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवतो.

एकूण पाच आठवडे लागतात, तेही आठवड्याला दोन तासिका दिल्या तर. पहिल्या सत्रात घ्या. दिवाळीनंतर परीक्षांच्या गडबडीत मुलाखतींना वेळ उरत नाही, आणि पावसाळ्यात निदान शाळेमागच्या टेकडीवर मुलांना नेऊन ओघळ कसा उतरतो ते दाखवता येतं.