ठाण्यात राहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करताना ऑरगॅनिक (सेंद्रिय) घ्यावे की अ‍ॅनालिटिकल (विश्लेषणात्मक)?
पुढे नोकरीही जवळपासच हवी, म्हणून कोणती शाखा सोयीची ठरेल, असे आपण विचारले आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रबाळे, महापे, तुर्भे येथे औषध व रसायन कंपन्या असल्याने काम दोन्ही शाखांना आहे. फरक आहे तो दिवस कसा जातो याचा.

ऑरगॅनिकवाल्याचा दिवस फ्यूमहूडसमोर, म्हणजे वाफा खेचून घेणाऱ्या कपाटासमोर जातो: अभिक्रिया लावायची, टीएलसीच्या (मिश्रणातले घटक ठिपक्यांच्या रूपात वेगळे दाखवणाऱ्या) पट्टीवर मूळ पदार्थाचा ठिपका अतिनील दिव्याखाली दिसेनासा झाला का हे दर थोड्या वेळाने पाहायचे आणि मग कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) भरून तयार झालेला पदार्थ वेगळा करायचा. अ‍ॅनालिटिकलवाला एचपीएलसी या, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रासमोर बसतो आणि आलेखातल्या मुख्य शिखराला चिकटलेले अशुद्धीचे छोटे शिखर सुटे व्हावे म्हणून मोबाइल फेजचा (यंत्रातून वाहणाऱ्या द्रवाचा) पीएच आणि मिथेनॉलचे प्रमाण बदलत राहतो. (नमुन्यापेक्षा नोंदवहीच जास्त वेळ खाते, हे आधीच सांगून ठेवतो.) माझ्या मते, संश्लेषण फसले तरी दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा लावण्याचा उत्साह असेल, तरच ऑरगॅनिक घ्यावे.

प्रवेशासाठी मुंबई विद्यापीठाचे कालिना संकुल कुर्ल्याहून गाठता येते. पवईची आयआयटी ठाण्याला त्याहून जवळ. मात्र तिथे जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तीन तासांत 60 प्रश्न आणि 100 गुण असतात. एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांत चुकल्यास गुण कापले जातात, संख्यात्मक उत्तरांत मात्र कापले जात नाहीत, म्हणून भौतिक रसायनशास्त्राची गणिते सोडून देऊ नयेत.