समोरच्याबद्दलच्या समजाचा बोलण्या-ऐकण्यावर खरंच इतका परिणाम होतो का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही मुंबईच्या, टीममधले दोघे साताऱ्याकडून नवे आलेले, आणि 'आज पाठवा' एवढा साधा मेसेज केला तरी तुम्ही चिडलात असं त्यांना वाटतं. समजाचा इतका परिणाम होतो का, असा तुमचा प्रश्न आहे. होतो, आणि दोन्ही बाजूंनी होतो. ऐकणारा मनात काहीतरी धरून ऐकतो, हे सगळ्यांना माहीत असतं. बोलणाऱ्याकडून काय राहून जातं, तिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

आधी ऐकणाऱ्याचं बघू. हॅरल्ड केली या मानसशास्त्रज्ञाचा १९५० मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत एका वर्गावर पाहुणे शिक्षक येणार होते. ते येण्याआधी मुलांना त्यांची थोडक्यात ओळख लिहून वाटली. निम्म्या मुलांच्या कागदावर ते प्रेमळ आहेत असं होतं, बाकीच्यांच्या कागदावर जरा रुक्ष. बाकी मजकूर अगदी सारखा. मग सगळ्यांनी एकाच खोलीत, एकाच माणसाचा तास ऐकला. 'प्रेमळ' वाचलेल्यांपैकी ५६ टक्के मुलं चर्चेत बोलली, 'रुक्ष' वाचलेल्यांपैकी फक्त ३२ टक्के. मला यातलं गप्प राहणं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बोलले असते तर कदाचित मत बदललं असतं, पण त्या मतामुळेच ते बोलले नाहीत.

मी महापालिकेच्या एका रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर बसते, त्यामुळे हे मला रोज दिसतं. मध्ये काच, खाली हात जाईल एवढी फट, बाहेर रांगेचा गलका. ऐकू जावं म्हणून आवाज चढवावाच लागतो. पलीकडच्याला मात्र माझ्या कपाळावरची आठी आणि चढलेला आवाज एवढंच पोचतं, आणि सरकारी ठिकाणी खेकसतातच हे तो घरूनच ठरवून आलेला असतो. मध्यंतरी एक जण म्हाताऱ्या आईला घेऊन आला. मी विचारलं, "आधीचा कागद आहे का?" तो भडकला, "कागद कागद काय करता, आधी माणूस बघा!" मी एक जुना केसपेपर काचेला लावून दाखवला आणि म्हटलं, "असला कागद असेल तर आईंची परत सगळी माहिती सांगावी लागणार नाही, म्हणून विचारते." त्याने हातातल्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला आणि फटीतून आत सरकवला. प्रश्न तोच होता. या वेळी तो कशासाठी विचारलाय, हेही त्याच्यापर्यंत गेलं.

आता बोलणाऱ्याचं. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्डला केलेला प्रयोग बघा. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी तरी सहज ओळखतील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल, शब्द सगळं चालू असतं, समोर जाते नुसती टकटक. तुमच्या 'आज पाठवा'चं नेमकं हेच होतंय. लिहिताना तुमच्या मनात 'जमलं तर बघा हं' असा सूर असेल, पण मेसेजमध्ये तो उतरलेला नाही.

त्यात आपली मुंबईची सवय. दादर यायच्या आधी "उतरणार का?" एवढंच विचारतो, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही, कारण विचारणारा आणि ऐकणारा दोघेही त्याच घाईत असतात. जिथे कामाचं बोलण्याआधी चहा-पाणी विचारायची पद्धत आहे, तिथून आलेल्याला हेच बोलणं तुटक वाटणार. आणि त्यांचं ऐसपैस बोलणं तुम्हाला कदाचित वेळकाढूपणा वाटत असेल. तो तुमच्या बाजूचा समज आहे, तोही जरा तपासून बघा.

गोड शब्दांची पेरणी करायची गरज नाही, तिचाही संशय येतो. मागणीसोबत कारण लिहा: 'उद्या सकाळी पुढे द्यायचंय, आज संध्याकाळपर्यंत पाठवाल का?' शिवाय पहिले काही दिवस महत्त्वाचं काम मेसेजवर न सांगता फोनवर किंवा जागेवर जाऊन सांगा, म्हणजे तुमचा आवाज त्यांच्या ओळखीचा होईल. आणि त्यांच्यापैकी कुणी गप्प झालं, तर मनात अंदाज बांधत बसू नका. "माझा कालचा मेसेज कसा वाटला?" असं त्यांनाच विचारा.