साधा एमबीबीएस डॉक्टर आत्महत्या रोखू शकतो का?

हो. बऱ्याचदा पेशंट मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचतच नाही, साध्या डॉक्टरकडे मात्र जाऊन आलेला असतो. २००२ साली जुने अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आत्महत्या केलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के लोक शेवटच्या महिन्यात अशा डॉक्टरला भेटले होते.

पण 'जगावंसं वाटत नाही' असं सांगत कोण येतं? झोप नाही, डोकं दुखतं, अंगात ताकद नाही, 'डॉक्टर, एक सलाईन लावा ना.' बाहेर बाकावर रांग. सलाईन लागतं, पेशंट घरी जातो.

इथेच दोन प्रश्न हवेत: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं झालं का? उदास, निराश वाटतं का? उत्तर 'हो' आलं तर सरळ विचारायचं, 'जीव द्यावा असं मनात येतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, हा निव्वळ गैरसमज.

स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९८३-८४ मध्ये तिथल्या डॉक्टरांना नैराश्य ओळखायला शिकवलं. आत्महत्या घटल्या, पण मुख्यतः बायकांच्या. (पुरुष दवाखान्याकडे फिरकतात कुठे, आपल्याकडेही तेच!) काही वर्षांत परिणामही ओसरला, म्हणजे एकदाच ट्रेनिंग देऊन भागत नाही.

धोका वाटला तर पेशंटला एकटं सोडू नका, घरच्यांना फवारणीची औषधं कुलपात ठेवायला सांगा, तज्ज्ञाकडे पाठवा आणि दोन दिवसांनी स्वतः फोन करा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ चोवीस तास चालू असतो, मोफत, मराठीतही.