ऐन लढाईत कारखाना बंद?

प्रश्न : फळमाशीला जंतुसंसर्ग झाला की तिचं ‘थॉर’ हे जनुक जोरात चालू होतं, असं वाचलं. पण हे जनुक म्हणे प्रथिननिर्मिती रोखतं! जंतूंशी लढायला तर प्रथिनंच लागतात. मग हे उलटं कसं?
– जीवशास्त्राचा एक विद्यार्थी

उत्तर : याच प्रश्नाशी मीही एकेकाळी अडखळले होते, म्हणून तुझं पत्र आधी घेतलं.

माशीकडे आपल्यासारखी प्रतिपिंडं नाहीत. तिची सगळी भिस्त उपजत प्रतिकारशक्तीवर. टोल आणि आयएमडी या पेशींमधल्या दोन संदेशसाखळ्या जाग्या होतात आणि शरीरातला चरबीचा थर जंतुनाशक प्रथिनं रक्तात सोडतो. थॉरही संसर्गात चालू होतं आणि ते नसलेल्या माश्या जंतूंपुढे लवकर मरतात, हे २००० साली प्रसिद्ध झालं. मजा म्हणजे थॉरचं प्रथिन हे ‘४ई-बीपी’ निघालं, प्रथिननिर्मितीचा जुना ओळखीचा ब्रेक.

तो ब्रेक चालतो असा. जनुकातला निरोप घेऊन येणाऱ्या आरएनएच्या डोक्यावर एक टोपी असते. ती ‘ईआयएफ-४ई’ या प्रथिनाने धरली की रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारं यंत्र, कामाला लागतो. थॉर याच ४ईला चिकटून बसतं आणि काम अडतं. पोट भरलेलं असलं की ‘टॉर’ हे विकर (हो, नावं गोंधळात टाकणारी आहेत, मीही फळ्यावर चुकायचे) थॉरवर फॉस्फेट चढवून त्याला बाजूला सारतं.

हे सगळं तपासायला प्रयोगशाळेत माश्यांना संसर्ग द्यायचा म्हणजे त्यांना कार्बन डायऑक्साइडने गुंगवायचं, टंग्स्टनची बारीक सुई जंतूंच्या लगद्यात बुडवायची आणि छातीच्या बाजूला टोचायची. तुलनेसाठी काही माश्यांना नुसतीच निर्जंतुक सुई. माझ्या पहिल्या खेपेला या दुसऱ्या गटातल्याही निम्म्या गेल्या. माझा हातच जड होता! खाद्यात चिकटून मेलेल्या कोणत्या खात्यात धरायच्या, यावर वाद व्हायचे ते वेगळेच.

आता तुझ्या प्रश्नाची मेख. ब्रेक सगळ्यांना सारखा लागत नाही. काही जंतुनाशक प्रथिनांचे आरएनए टोपी धरली नाही तरी रायबोसोम वाचतो, हे २०१७मध्ये दिसलं. जीसीएन२ हे विकर आणि जनुकं चालू करणारं एटीएफ४ हे प्रथिन, या जोडीकडून थॉर वाढतं, टोपीवर अवलंबून असलेली नेहमीची कामं मंदावतात आणि या आरएनएंना रायबोसोम मिळत राहतात. म्हणजे कारखाना बंद नाही, ऑर्डरी बदलल्यात.

ब्रेक शत्रूमुळे लागला तर मात्र वेगळं घडतं. स्यूडोमोनास एंटोमोफिला हा जिवाणू अन्नातून आत जाऊन आतड्याला इतकी इजा करतो, की तिथलं प्रथिननिर्मितीचं काम सरसकट थांबतं. यातही जीसीएन२चाच हात. जंतुनाशकांचे आरएनए भरपूर तयार होतात, प्रथिनं होत नाहीत, आतडं दुरुस्तही होत नाही, आणि माशी मरते.