तत्त्वज्ञानात पीएच.डी. : आधी नोंदणी की आधी पाठ्यवृत्ती?

तत्त्वज्ञानात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या वाचकांच्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी उत्तरासाठी निवडली आहेत. पहिल्या पत्रातला पेच बहुतेकांपुढे उभा राहतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : मी तत्त्वज्ञानात एम.ए. असून (६१ टक्के) सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. वय २९ आहे. 'भगवद्गीतेतील कर्मयोग आणि आधुनिक जीवन' या विषयावर पीएच.डी. करावी असे मनात आहे. नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) अजून दिलेली नाही. विद्यापीठाची पेट (पीएच.डी. प्रवेश परीक्षा) देऊन नोंदणी करून टाका, पाठ्यवृत्तीचे पुढे बघता येईल, असे सहकारी सांगतात. तसे करावे का?

उत्तर : सहकाऱ्यांनी आपुलकीने सल्ला दिला असेल, परंतु तुमच्या परिस्थितीत मी तो देणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी.चा कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा आहे. त्यावर दोन वर्षांची आणि महिलांना त्याहून आणखी दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. म्हणजे नोंदणीच्या दिवसापासून मुदत मोजली जाऊ लागते, आणि तासिकांच्या तुटपुंज्या मानधनावर, सुट्टीत तेही नाही अशा स्थितीत, पहिली दोन-तीन वर्षे अभ्यासक्रमाचे श्रेयांक आणि सहामाही अहवाल पुरे करण्यातच निघून जातात. वाचन राहून जाते. तत्त्वज्ञानात तर वाचन हेच प्रयोगशाळेच्या जागी आहे.

तुमच्या हाती असलेला सर्वांत भक्कम मार्ग म्हणजे कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती, अर्थात जेआरएफ. तिची वयोमर्यादा ३० वर्षे असली तरी महिलांना पाच वर्षांची सवलत आहे, त्यामुळे तुमच्यापुढे अजून बराच अवधी आहे. १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरांनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि कामाच्या मूल्यमापनानंतर पुढची तीन वर्षे दरमहा ४२,००० रुपये मिळतात. पाच वर्षांची बेरीज २४ लाख होते, आणि नियमानुसार मिळणारा घरभाडे भत्ता व पुस्तके-प्रवासासाठीचे आकस्मिक अनुदान याखेरीज आहे. ही रक्कम हाती असली की तासिका सोडून पूर्णवेळ काम करता येते. किंबहुना सोडाव्याच लागतात, कारण पाठ्यवृत्ती घेत असताना दुसरे वेतन वा मानधन घेता येत नाही.

ही पाठ्यवृत्ती नेट परीक्षेतील गुणांवर मिळते, आणि ती परीक्षा जून आणि डिसेंबर अशा दोन सत्रांत होते. दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण आणि तीन तास असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नये. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. मराठी माध्यमातून एम.ए. केलेल्यांनी न्याय, सांख्य, मीमांसेपासून कांट, विट्गेन्श्टाइनपर्यंतच्या परिभाषेचा इंग्रजी प्रतिशब्दांसह सराव आधीपासून ठेवला नाही, तर माहीत असलेले उत्तरही ओळखू येत नाही. जेआरएफ थोडक्यात हुकली, तरी जून २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी धरले जातात. अशा उमेदवारांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, मात्र हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सहायक प्राध्यापकपदासाठी जरूर द्यावी, पण तिच्यावर पाठ्यवृत्ती मिळत नाही, हे लक्षात असू द्यावे.

तुमचा प्रवर्ग तुम्ही कळवलेला नाही. तो महत्त्वाचा आहे, कारण बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (इतर मागास व भटके-विमुक्त) आणि टीआरटीआय (अनुसूचित जमाती) या राज्याच्या संस्था आपापल्या समाजघटकांतील पीएच.डी. संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. तिथे नोंदणी आधी झालेली असावी लागते, आणि तेवढ्यापुरते तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे बरोबर ठरते. मात्र जागा, निवडीची पद्धत आणि जाहिरातीची वेळ या गोष्टी बदलत आलेल्या असल्याने केवळ त्या आशेवर नोंदणी करणे धोक्याचे आहे. आईवडिलांची तुम्ही एकुलती एक मुलगी असाल, तर आयोगाची सावित्रीबाई जोतीराव फुले पाठ्यवृत्तीही पाहावी. खास तत्त्वज्ञानासाठी १९७७ मध्ये स्थापन झालेली भारतीय दार्शनिक अनुसंधान परिषदही पाठ्यवृत्त्या देते. तिच्याकडे अर्ज करताना संशोधनाचा आराखडाच तुमच्या बाजूने बोलतो.

आता त्या आराखड्याकडे वळतो, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. 'भगवद्गीतेतील कर्मयोग आणि आधुनिक जीवन' हा व्याख्यानमालेला शोभेल असा विषय आहे. त्यात अजून प्रश्न नाही. मुलाखतीत समितीचे सदस्य विचारतील की तुम्हाला नेमके काय सिद्ध करायचे आहे, आणि या शीर्षकातून त्याचे उत्तर निघत नाही. मात्र त्याच्या पोटात चांगले प्रश्न दडलेले आहेत. उदाहरणार्थ, फळाची इच्छा न धरता कर्म करावे असे गीता सांगते. पण कोणतेही कर्म काहीतरी साधण्यासाठीच केले जात असेल, तर इच्छेविना कर्म संभवते तरी कसे? इच्छा टाकायची की केवळ आसक्ती, आणि या दोहोंत भेद नेमका कशाच्या आधारे करायचा? आणखी एक प्रश्न असा : शंकराचार्यांच्या मते कर्म चित्तशुद्धीपुरते आहे आणि मोक्ष ज्ञानानेच मिळतो, तर १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त टिळक ज्ञानानंतरही कर्म सुटत नाही असे प्रतिपादन करतात. या वादात कोणाचा युक्तिवाद कुठे तोकडा पडतो, एवढेच शोधले तरी प्रबंधाला पुरेल. यांपैकी एक प्रश्न घेऊन दहा-बारा पानांचा निबंध लिहा, त्यात विरोधी मताची सर्वांत बळकट मांडणी स्वतः करा आणि मग तिला उत्तर द्या. हा निबंध लिहून होईपर्यंत पेटचा अर्ज भरू नये असे मी आग्रहाने सांगेन.

तोच निबंध मार्गदर्शक शोधण्यासही उपयोगी पडतो. नियमानुसार एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या शिक्षकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. तत्त्वज्ञानाचे विभाग मुळातच लहान असल्यामुळे रिक्त जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघतात, आणि मग ज्यांच्याकडे जागा आहे त्यांच्या आवडीकडे विषय वळवण्याचा मोह होतो. तो टाळावा. शोधगंगा या संकेतस्थळावर त्या मार्गदर्शकांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध विनामूल्य वाचता येतात. त्यांतले दोन-तीन चाळले की ते कशा प्रकारचे काम करून घेतात हे कळते. पुणे आणि मुंबई विद्यापीठांच्या जोडीला आयआयटी मुंबई, हैदराबाद विद्यापीठ आणि दिल्लीतील जेएनयू इथेही तत्त्वज्ञानात पीएच.डी. होते. घरच्या अडचणी नसतील तर सातारा-पुण्यापुरता विचार करू नये.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला अमेरिकेत तत्त्वज्ञानात पीएच.डी. करायची आहे. शैक्षणिक कर्ज काढावे लागेल का? आणि त्याला प्रवेश मिळेल का? – एक पालक, नाशिक

उत्तर : पीएच.डी.साठी कर्ज काढू नये. अमेरिकेतील चांगल्या विभागांत प्रवेशासोबतच साधारण पाच वर्षांची शुल्कमाफी आणि निर्वाहवेतन मिळते. त्या बदल्यात विद्यार्थी काही सत्रे पदवीच्या वर्गांना शिकवण्याचे किंवा उत्तरपत्रिका तपासण्याचे काम करतो. प्रवेश दिला पण पैसे दिले नाहीत, तर तो प्रवेश नाकारणे शहाणपणाचे. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे गणित वेगळे आहे, तिथे बहुधा स्वतः पैसे भरावे लागतात. तरीही जॉर्जिया स्टेट, नॉर्दर्न इलिनॉय अशा काही विद्यापीठांचे तत्त्वज्ञानाचे एम.ए. अभ्यासक्रम विद्यार्थ्यांना आर्थिक साहाय्य देण्यासाठी ओळखले जातात. दुसऱ्या शाखेतून येणाऱ्यांना ही पायरी फार उपयोगाची असते, आणि तुमच्या मुलासाठी मी तीच सुचवेन.

कारण असे की तिथल्या निवडीत सर्वाधिक वजन लेखन-नमुन्याला असते. एकाच युक्तिवादाभोवती बांधलेला, साधारण पंधरा ते पंचवीस पानांचा हा निबंध असतो. तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाने दोन-तीन वेळा खोडून दिल्याशिवाय तो तयार होत नाही, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात असा शिक्षक सहसा नसतो. तीन शिफारसपत्रांचेही तसेच आहे : मुलाचे लेखन वाचलेल्या शिक्षकाचे पत्र कामाचे, केवळ मोठ्या हुद्द्याचे नव्हे. जीआरई ही प्रवेशासाठीची परीक्षा आता बहुतेक विभाग मागत नाहीत. अर्जांची मुदत डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीला संपते आणि अनेक विद्यापीठांत निर्णय कळवण्यासाठी १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो. प्रत्येक अर्जाला शंभर डॉलरच्या आसपास शुल्क पडते, त्यामुळे दहा अर्ज म्हणजे लाखाच्या घरातला खर्च होतो. काही विद्यापीठे विनंती केल्यास हे शुल्क माफ करतात, ते विचारण्यात संकोच करू नये.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. २०२५ पासून तिथल्या अनेक विद्यापीठांनी मानव्यविद्यांतील पीएच.डी.च्या जागा कमी केल्या आहेत, आणि पदवीनंतर प्राध्यापकपद मिळणे त्याआधीही अवघड होते. प्रत्येक विभागाच्या संकेतस्थळावर त्याचे विद्यार्थी पुढे कुठे नोकरीला लागले याची यादी असते. ती मुलाने तुमच्यासोबत बसून वाचावी. ब्रिटनमध्ये प्रवेश आणि पैसा यांचे निर्णय बऱ्याचदा वेगवेगळे होतात, म्हणून तिथे राष्ट्रकुल शिष्यवृत्तीसारख्या योजनांचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच करावा लागतो.

प्रश्न : प्रबंध मराठीत लिहिला तर त्याला कमी लेखले जाते का? – एक विद्यार्थी, जळगाव

उत्तर : कमी लेखणारे भेटतील, त्यांच्यासाठी भाषा बदलू नये. विद्यापीठाच्या नियमांत मराठीची मुभा आहे ना, आणि बाहेरचे दोन्ही परीक्षक मराठी वाचणारे मिळतील ना, एवढे मार्गदर्शकांकडून नोंदणीपूर्वीच नक्की करून घ्यावे. परिभाषेसाठी १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला तीन खंडांचा 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' आजही हाताशी ठेवण्याजोगा आहे. तुमच्या जिल्ह्यातच अमळनेरला प्रताप तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था आहे, तिचीही मदत घ्यावी. प्रबंधातील एखादे प्रकरण इंग्रजीत लेख म्हणून लिहून राज्याबाहेरच्या नियतकालिकाकडे पाठवले, तर नोकरीच्या मुलाखतीत त्याचा उपयोग होईल.