वाचकांचे प्रश्न : शेवटच्या काळाची चिन्हे कशी ओळखायची?

या वेळच्या टपालात निम्म्याहून अधिक पत्रे एकाच विषयावर आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत. वाचताना पवित्र शास्त्र शेजारी उघडे ठेवा, कारण बरेचसे घोटाळे अर्धे वचन वाचल्यानेच झालेले दिसतात.

प्रश्न : सप्रेम सलाम. आमच्या घरगुती प्रार्थनासभेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पूर्ण झालेली चिन्हे’ अशी यादी फिरते. युद्धे, भूकंप, दुष्काळ, साथी, आणि प्रत्येकापुढे हिरवी खूण. ही यादी बरोबर आहे का? – एक भगिनी, भांडुप

यादीतल्या गोष्टी मत्तय २४ आणि लूक २१ मधूनच घेतलेल्या आहेत. मात्र यादी करणारे मत्तय २४:७ पाशी थांबतात. त्याच्या मागचे आणि पुढचे वचन वाचा. सहाव्या वचनात प्रभू म्हणतो की लढायांच्या आवया ऐकाल तेव्हा घाबरू नका, हे होणे अवश्य आहे, पण तेवढ्याने शेवट होत नाही. आठव्यात या सगळ्याला तो वेदनांचा प्रारंभ म्हणतो. म्हणजे ज्या गोष्टींपुढे हिरवी खूण केली आहे, त्यांच्याविषयीच प्रभूने ‘एवढ्यावरून शेवट आला असे समजू नका’ असे बजावले आहे.

यावर नेहमी एक उत्तर मिळते : प्रसूतीच्या कळा जवळजवळ येत जातात, तसे भूकंपही वाढत चालले आहेत. कळांमधले अंतर कमी होण्याचा उल्लेख त्या वचनात कुठेच नाही, ती आपण घातलेली भर आहे. आणि भूकंप वाढल्याचे म्हणाल, तर ७ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप जगात वर्षाला सरासरी पंधरा-सोळा होतात. एखाद्या वर्षी दहा, एखाद्या वर्षी वीस. १९०० पासूनच्या नोंदींत सतत चढत जाणारी रेषा दिसत नाही. वाढली आहे ती लहान भूकंपांची नोंद, कारण यंत्रे वाढली. शिवाय बातमी आता मिनिटभरात हातात येते. महाराष्ट्राने १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिला. मुंबईपुरते बोलायचे तर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला आणि माणसे शहर सोडून पळाली. १९१८ च्या तापाच्या साथीने पुन्हा तेच दिवस दाखवले. आजची यादी त्या दोन्ही वेळी हिरव्या खुणांनी भरली असती.

अध्याय नीट वाचण्यासाठी एक सोपी रीत आहे. तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. तिसऱ्या वचनात शिष्य दोन गोष्टी एका दमात विचारतात : मंदिर कधी पडेल, आणि तुझ्या येण्याचे व युगाच्या समाप्तीचे चिन्ह काय? म्हणून जे स्पष्टपणे यरुशलेमचे आहे त्याला एक रंग द्या : यहूदीयातल्यांनी डोंगरांत पळावे, धाब्यावर असलेल्याने खाली उतरून सामान घेऊ नये, हे पळणे शब्बाथाला येऊ नये म्हणून प्रार्थना करा. लूक २१:२० मध्ये तर सैन्यांचा वेढा असे सरळच म्हटले आहे. इ.स. ७० मध्ये तीताच्या रोमी सैन्याने शहर आणि मंदिर पाडले. त्याआधी तिथले ख्रिस्ती लोक यार्देनेपलीकडे पेल्ला येथे निघून गेले, असे युसेबियस हा जुना इतिहासकार लिहितो. दुसरा रंग प्रत्येक पिढीत घडणाऱ्या गोष्टींना द्या : युद्ध, दुष्काळ, छळ, खोटे संदेष्टे, प्रीती थंडावणे. तिसरा रंग फक्त प्रभूच्या येण्याला. तिसऱ्या रंगाची वचने फार थोडी निघतात, आणि त्यात वर्णन आहे ते विजेसारखे पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत दिसणाऱ्या घटनेचे. ती ओळखायला कुणाच्या यादीची गरज पडणार नाही.

काही वचनांच्या रंगावरून तुमच्या सभेत वाद होईल. विशेषतः १५ व्या वचनातल्या ‘ओसाडी आणणाऱ्या अमंगळ’ गोष्टीवरून, कारण तिचे मूळ दानीएलात आहे. इ.स.पू. १६७ मध्ये सिरियाचा राजा अंतियोख एपिफानेसने मंदिर विटाळले तेव्हा यहुद्यांनी ती भविष्यवाणी एकदा पुरी होताना पाहिली होती. इ.स. ७० मध्ये ती पुन्हा पुरी झाली असे काही मानतात, पुढेही होणार असे काही मानतात. हा वाद प्रामाणिक आहे, तो होऊ द्या.

प्रश्न : सप्टेंबर २०२५ मध्ये रक्तासारखा लाल चंद्र दिसला. योएलाची भविष्यवाणी पुरी झाली ना? – एक वाचक, मालवणी

७ सप्टेंबर २०२५ चे ते खग्रास चंद्रग्रहण होते. रात्री ११ ते १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत चंद्र पूर्ण सावलीत होता. पृथ्वीच्या वातावरणातून वाकून जाणाऱ्या सूर्यप्रकाशातला निळा भाग विखुरतो, तांबडा उरतो आणि तोच चंद्रावर पडतो. प्रत्येक खग्रास ग्रहणात हेच होते, कधी फिकट तर कधी गडद.

योएल २:३१ मध्ये सूर्य अंधकारमय होणे आणि चंद्र रक्तमय होणे ही एकत्र आली आहेत. सूर्यग्रहण अमावास्येला होते, चंद्रग्रहण पौर्णिमेला, तेव्हा एकाच दिवशी दोन्ही शक्य नाहीत. पंचांगात सापडणाऱ्या ग्रहणाविषयी संदेष्टा बोलतच नव्हता. बाबेल पडताना (यशया १३:१०) आणि मिसर पडताना (यहेज्केल ३२:७) हीच भाषा आलेली आहे. पेत्राने तर पन्नासाव्या दिवशी (पेंटेकॉस्टच्या सणाला) योएलाचा हा उतारा म्हणून दाखवत ‘हे तेच आहे’ असे सांगितले (प्रे. कृत्ये २:१६-२१).

२०१४-१५ मध्ये चार खग्रास ग्रहणे ओळीने यहुद्यांच्या वल्हांडण आणि मंडपांच्या सणाला आली, तेव्हाही गाजावाजा झाला होता. पण हे दोन्ही सण इब्री महिन्याच्या पंधराव्या तिथीला, म्हणजे पौर्णिमेलाच असतात, आणि त्यांच्यात सहा चांद्र महिन्यांचे अंतर असते. ओळीने येणाऱ्या ग्रहणांतही तेवढेच अंतर असते. पहिले वल्हांडणाला आले की पुढची तीन बहुधा सणांवरच बसतात. त्यांतले पहिले, १५ एप्रिल २०१४ चे, भारतातून दिसलेसुद्धा नाही. आपल्याकडे तेव्हा दुपार होती.

प्रश्न : आधार कार्ड, यूपीआय, बारकोड यांत ६६६ लपलेला आहे आणि ही श्वापदाची खूण आहे असे सांगतात. आमच्या मंडळीत काहींनी या भीतीने मुलांचे आधार काढलेले नाही. शाळा अडून बसली आहे. काय करावे? – एक पालक, धारावी

आधी आधार काढून घ्या, मग उत्तर सावकाश वाचा.

प्रकटीकरण १३:१६-१७ मध्ये उजव्या हातावर किंवा कपाळावर खूण आणि तिच्यावाचून खरेदी-विक्रीला बंदी, एवढे सगळ्यांना तोंडपाठ असते. त्याच्या आधीचे, पंधरावे वचन कुणी सांगत नाही : जे श्वापदाच्या मूर्तीला नमन करणार नाहीत त्यांना ठार मारावे. पुढे १४:९, १४:११, १६:२, १९:२० आणि २०:४ ही पाच ठिकाणे काढून बघा. प्रत्येक ठिकाणी खूण आणि मूर्तीची उपासना यांचा उल्लेख जोडीने येतो. उपासना करतो म्हणून माणूस ती खूण घेतो. नकळत, फसवून, रांगेत उभे राहून फॉर्म भरताना ती लागत नाही. आधार केंद्रावर दोन्ही हातांच्या दहा बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांचे चित्र आणि फोटो घेतात (पाच वर्षांखालच्या मुलांचा नुसता फोटो), बारा अंकी क्रमांक देतात. कुणाला नमन करायला सांगत नाहीत.

बारकोडची गोष्ट अशी. त्याच्या डाव्या कडेला, मध्ये आणि उजव्या कडेला दोन-दोन बारीक, थोड्या लांब रेघा असतात. उजव्या अर्ध्या भागात ६ हा अंक लिहिताना दोन बारीक रेघाच दिसतात, म्हणून तीन वेळा ६ असा निष्कर्ष काढला गेला. पण ६ पूर्ण होतो तो त्या रेघांनंतरची रुंद मोकळी जागा धरून. कडेच्या रेघांना तशी जागा नसते आणि त्या कोणताच अंक सांगत नाहीत. कोड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे यंत्राला कळावे एवढ्यासाठी त्या असतात.

मग ६६६, म्हणजे प्रकटीकरण १३:१८ मधली श्वापदाची संख्या, हे काय आहे? इब्री अक्षरांना संख्यामूल्य असते. ‘नेरोन कैसर’ (ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा रोमी सम्राट नेरो) हे नाव इब्री अक्षरांत लिहिले तर ५०, २००, ६, ५०, १००, ६० आणि २०० अशी बेरीज होते : ६६६. लॅटिन उच्चाराप्रमाणे शेवटचा ‘न’ काढून ‘नेरो’ लिहिले तर ५० कमी होऊन ६१६ उरतात, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखरच ६१६ आहे. दोन्ही आकडे एकाच नावातून निघतात, म्हणून बहुतेक अभ्यासकांना हे उत्तर पटते. पुढे अशाच वृत्तीचा आणखी कोणी उठेल का, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो. योहानाच्या पहिल्या पत्रात (२:१८) पुष्कळ ख्रिस्तविरोधी आताच उठले आहेत असे म्हटलेच आहे. गंमत अशी की ‘ख्रिस्तविरोधी’ हा शब्द प्रकटीकरणात एकदाही येत नाही, तो फक्त योहानाच्या पत्रांत आहे.

बोटांचे ठसे कुणी गैरवापरासाठी चोरेल ही भीती रास्त आहे, पण तिचा प्रकटीकरणाशी संबंध नाही. त्यासाठी एमआधार ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे, ती वापरा.

प्रश्न : फरात नदी आटते आहे, म्हणजे सहावी वाटी ओतली गेली का? – एक युवक, विक्रोळी

प्रकटीकरण १६ मध्ये देवाच्या क्रोधाच्या सात वाट्या ओतल्या जातात, आणि सहावीने फरात आटून पूर्वेकडच्या राजांसाठी वाट तयार होते. तिच्या आधी पाच आहेत : फोड, समुद्राचे रक्त, नद्यांचे रक्त, सूर्याची होरपळ, श्वापदाच्या राज्यावर अंधार. त्या ओतल्या गेल्याचे कुणी म्हणत नाही, थेट सहावीवर उडी घेतात. नदीचे पाणी कमी होण्याची कारणे उघड आहेत : तुर्कस्तानातले अतातुर्क, सिरियातले तबका, इराकातले हदिथा ही धरणे, शेतीचा उपसा आणि दुष्काळ. अतातुर्क धरण भरण्यासाठी जानेवारी १९९० मध्ये तुर्कस्तानाने महिनाभर प्रवाहच अडवला होता, तेव्हाही हीच चर्चा झाली. योहानाच्या पहिल्या वाचकांसाठी फरात ही रोमी साम्राज्याची सीमा होती आणि पलीकडे रोमचे शत्रू असलेले पार्थी घोडेस्वार होते. ‘पूर्वेकडचे राजे’ म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे कोण आले असेल ते यावरून कळते.

प्रश्न : इस्राएल १९४८ मध्ये स्थापन झाले, पिढी ८० वर्षांची, म्हणून २०२८ हे वर्ष. हा हिशोब कितपत खरा? – एक निवृत्त शिक्षक, बोरिवली

हाच हिशोब आधी ४० वर्षांच्या पिढीने १९८८ दाखवत होता. ते साल गेल्यावर सुरुवात १९६७ च्या युद्धापासून धरली, २००७ आले. तेही गेले. मग स्तोत्र ९०:१० मधून आयुष्याची ७० वर्षे घेऊन २०१८, आता ८० घेऊन २०२८. उत्तर चुकले की पिढीची लांबी बदलायची, असा हा प्रकार आहे. पायाच कच्चा आहे : मत्तय २४:३२-३४ मध्ये अंजिराच्या झाडाचा दाखला आणि ‘ही पिढी नाहीशी होणार नाही’ हे वचन आहे. त्यातले झाड म्हणजे इस्राएल असे धरले जाते, पण लूक २१:२९ मध्ये ‘अंजिराचे झाड आणि सर्व झाडे’ पाहा असे आहे. पालवी फुटली की उन्हाळा जवळ, एवढाच तो दाखला.

गणित बरोबर असूनही उत्तर कसे चुकते याचा नमुना अमेरिकेतला उपदेशक विल्यम मिलर. दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस त्याने वर्षे धरली, आरंभ इ.स.पू. ४५७ धरला. २३०० वजा ४५७ म्हणजे १८४३, आणि शून्य हे साल नसल्याने एक मिळवून १८४४. त्याच्या अनुयायांनी प्रभूच्या येण्याचा २२ ऑक्टोबर हा दिवसही ठरवला. कित्येकांनी पिके शेतात तशीच सोडली. बेरीज-वजाबाकीत खोट नव्हती. दिवस म्हणजे वर्ष हे गृहीतक मात्र त्या अध्यायात नाही. तिथे ‘संध्याकाळ आणि सकाळ’ असे शब्द आहेत, विषय रोजच्या होमबलीचा आहे, आणि मेंढा म्हणजे मेदी-पारसी, बकरा म्हणजे ग्रीस असा उलगडा विसाव्या-एकविसाव्या वचनात स्वतः देवदूतानेच केला आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या हॅरल्ड कॅम्पिंग या रेडिओ-उपदेशकाने २१ मे सांगितली, मग २१ ऑक्टोबर.

तारखेपुरता निर्णय सोपा आहे. मत्तय २४:३६ प्रमाणे तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही. आणि लूक २१:८ जरूर पाहा : ‘वेळ जवळ आली आहे’ असे सांगत येणाऱ्यांच्या मागे जाऊ नका, असे तिथे स्पष्ट आहे.

प्रश्न : मंडळी उचलली जाणे संकटाच्या आधी की नंतर? – भायखळा

१ थेस्सलनीका ४:१७ (जिवंत उरलेले विश्वासी प्रभूला भेटायला मेघांत उचलले जातील) सर्वांना मान्य आहे, क्रमावर मतभेद आहेत. सात वर्षांच्या संकटाच्या आधी गुप्तपणे, ही मांडणी १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकापासून पसरली. कॅथलिक आणि बऱ्याच जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्या ती मानत नाहीत. आपल्या पाळकसाहेबांना किंवा फादरांना आपल्या मंडळीची शिकवण विचारा.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ एका गटात जातो. ‘वेळ उरलेली नाही’ म्हणून तो नोकरी सोडून खोली विकायचे म्हणतो. त्याच्याशी वाद घातला की बोलणेच बंद करतो. – एक ताई, कांदिवली

चिन्हांवर वाद घालू नका, त्यात तो तुमच्यापेक्षा तयार असेल. थेस्सलनीकाकरांस दुसरे पत्र त्याच्यासोबत बसून वाचा. तीनच अध्याय आहेत, पंधरा मिनिटे पुरतात. प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे असे त्या मंडळीलाही कुणीतरी सांगितले होते, पौलाच्या नावाच्या पत्राचा हवाला देऊन (२:२). आधी धर्मत्याग आणि अनीतिमान पुरुष प्रकट होणे, तोवर तो दिवस नाही, असे पौल लिहितो, आणि तिसऱ्या अध्यायात काम सोडून बसलेल्यांना स्वतःची भाकर कमावून खायला सांगतो.

मग व्यवहाराचे विचारा. खोली विकून येणारे पैसे कुणाच्या खात्यावर जाणार? पावती मिळते का? गटाचा ट्रस्ट असेल तर नोंदणी क्रमांक मागा; वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात त्याची चौकशी करता येते. खोली आईच्या किंवा दोघांच्या नावावर असेल तर त्याच्या एकट्याच्या सहीने व्यवहार होणार नाही, कुलमुखत्यारपत्रावर कुणीही सही करू नका. त्याच्या पीएफच्या पेन्शनला किमान १० वर्षांची सेवा लागते. किती झाली ते पासबुकात बघा. दोन-तीन वर्षे कमी असतील, तर राजीनामा लांबवायला तेवढे एक कारण कधी कधी पुरते. आणि गटाच्या प्रमुखाने स्वतःचे घर विकले आहे का, हेही भावालाच विचारून यायला सांगा.